अक्का, तुझ्या मेंढ्या माझ्या म्हशींबरोबरच आहेत

अक्का, काल तुझ्या मेंढ्या घेऊन मी पहिल्यांदा एकटी गायरानात गेले. गेले म्हणजे काय, नाल्याच्या अलीकडेच थांबले. गाई पुढे निघून गेल्या, म्हशी लव्हाळ्यात शिरल्या, शेळ्या बोरीला लागल्या. तुझ्या मेंढ्या मात्र माझ्याभोवती गोळा होऊन उभ्या राहिल्या. मी पुढे जाईना, म्हणून त्याही जाईनात. हिवराच्या झाडाखाली काहीतरी हललं. वारा होता. वाराच आहे हे मला कळत होतं, तरी तोंडाला कोरड पडली आणि हातातली काठी घामाने निसटायला लागली.

तुझे दिवस परवाच झाले. हे अमळनेरला गिरणीत कामाला, त्यांना चार ओळी लिहिता याव्यात म्हणून मी चौथीपर्यंत गिरवलेली अक्षरं सांभाळून ठेवली आहेत. आज त्यांनाच लिहायला बसले होते. ‘अक्का गेली’ एवढं लिहिलं आणि पुढचं सगळं तुलाच सांगावंसं वाटायला लागलं.

तू आमच्या कोणाची कोण? जात वेगळी, गल्ली वेगळी. तू गावाबाहेरच्या खोपटातली धनगरीण, मी पाटलाघरची सून. नवरा परगावी आणि दीर शेतात म्हणून आमची गुरं माझ्या गळ्यात पडलेली. तुझा नवरा कधीच गेलेला, लेक चाळीसगावकडे दिलेली. गायरानात आपण दोघी रोज एकमेकींना दिसायचो, पण लांबून. एरंडोलकडून पद्मालयाच्या डोंगराकडे जमीन चढत जाते तिथे वरच्या अंगाला गाई-म्हशी आणि खालच्या दगडवटीत शेळ्या-मेंढ्या, अशी गावाची जुनी वाटणी होती. ती कोणी मोडत नव्हतं.

मग त्या वर्षी लांडगे फार झाले. तुझी कोकरं जायला लागली आणि एक दिवस तू सरळ आमच्या दारात आलीस. पायरीवर बसलीस, पाणी मागितलंस, ते घटाघटा प्यालीस आणि म्हणालीस, “मथू, तुन्या म्हशी मन्या मेंढ्यास्ना संगे घाल. म्हशी ऱ्हायन्या तर लांडगा फिरकत नही.”

माझी सासू आतून ओरडली, “मेंढीनं शिवेल गवत गाय खात नही. वास येस तिले!”

“म्हनीसन गाय पुढे, मेंढी मांगे,” तू म्हणालीस. तुला सासूचा राग येत नसे. मला मात्र तुझ्या बाजूने बोलायची हिंमत नव्हती. मी नुसती पदर सावरत उभी. पण लांडग्याची भीती मलाही होतीच. दोन्ही बाया एकत्र असल्या तर बरं, एवढाच विचार मी केला होता. तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी म्हशी तुझ्याकडे वळवल्या.

ते पहिले दिवस मला अजून दिसतात. म्हशींनी मेंढ्यांना हुंगलं आणि फुत्कार सोडला. मेंढ्या पळाल्या. तुझा पुढारी बोकड आमच्या कपिली गाईला शिंग दाखवून आला आणि तिने त्याला असं काही उडवलं की तू पोट धरून हसलीस. पुढे त्यांचं त्यांनाच जमत गेलं. गाई सकाळी मारवेल गवताच्या पट्ट्यात पुढे. म्हशींना नाल्याकाठचं जाडंभरडं गवत लागायचं. शेळ्या खाली मान घालतच नसत, बोरी-बाभळीचा पाला ओरबाडत मागच्या पायांवर उभ्या. मेंढ्या सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं आणि तण वेचत. गायरान तेच, पण त्या वर्षी आमच्या गाईंच्या पाठीवर मांस चढलं. सासूनेही ते पाहिलं. आणि ती सकाळी गुरं सोडताना तुझ्यासाठी एक भाकरी जास्त बांधायला लागली.

आपलं भांडण व्हायचं ते उन्हाळ्यात. मी म्हणायचे, “अक्का, तुनी मेंढी पार मुयापावत कुरतडस. पानी पडावर गायीले काय ऱ्हाई?” आणि तू म्हणायचीस, “गाय आपला शेनजवळनं गवत शिवत नही. ते कोन खाई? तुनी सासू?” मी म्हणे, उन्हाळ्यात मेंढ्या नाल्यापलीकडे ठेव, वरच्या मुळ्या वाचू दे. तू म्हणे, पलीकडे एकटी ठेवली की लांडगा आलाच. दोघींचंही थोडं थोडं खरं होतं. दर उन्हाळ्यात हे भांडण आपण नव्याने काढायचो आणि पाऊस पडला की सोडून द्यायचो. अक्का, माझं अजूनही म्हणणं आहे की वरचा पट्टा चैत्रात बंद ठेवायला हवा. आता कोणाशी भांडू?

यंदाचा माघ सरत आला होता, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. ऊन चांगलं वर आलेलं. मी शेणी गोळा करत होते. तू दगडावर बसून एका शेळीच्या खुरातला काटा काढत होतीस. पहिल्यांदा तुझा कुत्रा काळ्या भुंकला, मग एकदम गप्प झाला. मी वर पाहिलं. गाडीवाटेच्या मधोमध एक लांडगा येत होता. लपत नव्हता, थांबत नव्हता. शेपूट खाली, तोंड उघडं, लाळेची तार लोंबलेली. त्याचे डोळे आपल्याकडे होते, पण तो आपल्याला पाहत होता असं मला वाटलंच नाही.

म्हशींनी माना वर केल्या. नेहमीसारख्या शिंगं पुढे करून त्या एकीला एक लागून उभ्या राहिल्या. शहाणा लांडगा तिथूनच वळतो, मी ते पाहिलेलं होतं. हा वळला नाही. म्हशींच्या पायांमधून सरळ आत आला.

“मथू, सरक! येडा शे तो!” तू ओरडलीस.

पुढचं सगळं एका दमात झालं. काळ्या त्याच्या अंगावर गेला आणि किंकाळी फोडून लोळला. लांडग्याने आमच्या भुरी म्हशीच्या नाकाडाला धरलं, ती झटकून फिरली, तो मेंढ्यांत घुसला. पांढऱ्या पाठी इकडेतिकडे उधळल्या, त्यांच्यामध्ये ते करडं अंग. तू हाताला घोंगडी गुंडाळून मेंढ्यांत शिरलीस. मी लांबूनच तुला हाका मारत होते. त्याने तुझ्या मनगटाला तोंड घातलं. त्याच वेळी भुरीने मागून त्याला शिंगावर घेतलं, खाली आपटलं, आणि तू पाला तोडायच्या कुऱ्हाडीने त्याला संपवलंस.

मग गायरान शांत झालं. ती शांतता मला जास्त भेडसावणारी होती. घोंगडी उलगडलीस तेव्हा आत रक्त होतं.

नाल्यावर तू मनगट कितीतरी वेळ धूत राहिलीस. मग म्हणालीस, “चाल, इळा तापाड.” तुझ्या खोपटात चुलीत विळा लाल केला आणि तू हात पुढे धरलास. मी डोळे मिटून डाग द्यायला गेले तर तू म्हणालीस, “डोया उघडीसन दे, नहीते दुसरीकडेच देशी.” ओरडली नाहीस. ओरडले ते मी.

त्यानंतरची भीती लांडग्याच्या भीतीपेक्षा वेगळी होती. लांडगा एकदा येऊन गेला. ही गेलीच नाही. आपण दोघी मेंढ्यांच्या अंगावरची लोकर बोटांनी फाकवून दाताची खूण शोधत बसलो. दोघी-तिघींच्या मांडीवर सापडली. बाकीच्यांच्या दाट लोकरीत काय आहे ते कसं कळणार? शेळ्या, गाई, वासरं, सगळी तेव्हा एकमेकांत मिसळलेली होती. आजवर एकत्र चरण्याचा फायदाच पाहिला होता. आता त्याच एकत्रपणाने कोणावरच विश्वास ठेवायची सोय ठेवली नाही.

संध्याकाळपर्यंत गाव चावडीसमोर जमलं. काळ्याला तोवर मारून टाकलं होतं. पोलीस पाटील आबा चांगला माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज कापरा होता. “बठ्ठा कळप मारी टाका,” ते म्हणाले. “कोनले चावना, कोनले नही, कसं समजी? मेंढ्या बी आनि म्हशी बी.”

माझी सासू म्हणाली, आमची गुरं वेगळी काढा, ती तर फक्त तिथे उभी होती. आबांनी मान हलवली. “संगे चरेत, आते येगळा कशा करशी?”

तू मनगटाला चिंधी बांधून मधे उभी राहिलीस. “मारू नका. आम्ही नदीपल्लाड लई जातस. गावना डोनीवर पानी पाजनार नहीत, गायरानमा पाय टाकनार नहीत. जे ढोर पिसायी ते मी सोता दाखाडसू.”

‘आम्ही’ म्हणालीस. मला विचारलं नव्हतंस. पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या तेव्हा मी तुझ्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला दुसरीकडे कुठे उभं राहायला जागाच दिसली नाही.

अंजनी नदीच्या पलीकडच्या खडकाळ पट्ट्यात आपण काट्यांचा वाडा घातला. चावलेली जनावरं वेगळी बांधली. आता तू जळगावला दवाखान्यात जावंस म्हणून मी तुझ्या मागे लागले. पिसाळलेलं चावल्यावर पोटात सुया देतात, असं आबांनी सांगितलं होतं. तू ऐकेनास.

“मी गयी तर गाव मन्या मेंढ्या कापी टाकी.”

“मी राखसू.”

“तू ते वाऱ्याले बी भ्यास, मथू.”

“हां, भ्यास. भ्यायीसन राखसू.”

दुसऱ्या दिवशी जावयाला बोलावून घेतलंस आणि गाडीने जळगावला गेलीस. जाताना मागे वळून सांगितलंस, भुरीच्या पुढे उभी राहू नको, आणि गाभण मेंढीला उतारावर उतरवू नको.

तू नव्हतीस ते दिवस मी कसे काढले ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा “बरं व्हतं” म्हणाले. बरं नव्हतं, अक्का. एखादी मेंढी खोकली तरी मी उठून बसायचे. शेळी पाण्याशी जाऊन नुसती उभी राहिली की मी श्वास धरून तिच्या तोंडाकडे पाहायचे. ती प्यायली की सोडायचे. सासू नदीच्या अलीकडे भाकरी ठेवून जायची आणि ती लांब गेली की मी उचलून आणायचे.

एका दुपारी भुरीने रवंथ थांबवला. तिचा आवाज फाटला. म्हैस तशी हंबरत नाही, घोगरं, ओढून ओढून. दावं तोडून ती बाभळीवर धावली आणि शिंगं आपटत राहिली, साल निघेपर्यंत. बाकीच्या म्हशी बिथरल्या, शेळ्या दरडीवर चढल्या, आणि मेंढ्या, त्यांना कुठे जायचं ते कधीच कळत नाही, त्या भुरीच्याच दिशेने निघाल्या. मी किंचाळत मधे धावले. त्यांना वाड्यात रेटलं आणि काट्यांची फांदी ओढून तोंड बंद केलं. हात कोपरापर्यंत फाटले ते मला नंतर दिसले. मग नदीकडे तोंड करून आबांच्या नावाने ओरडत राहिले. ते बंदूक घेऊन आले. अलीकडच्या काठावर थोडे थांबले, मग धोतर खोचून पाण्यात उतरले. त्यांनी भुरीला मारलं. माझ्या लग्नानंतर आमच्या घरी जन्मलेली पहिली पारडी होती ती. आम्ही तिथेच खोल खड्डा करून तिला पुरलं. खूण असलेल्या मेंढ्यांचंही पुढे तेच झालं. बाकी कळप वाचला.

तू परत आलीस ती वाळलेली. पोटावर सगळीकडे गाठी. डॉक्टर काय म्हणाला विचारलं तर म्हणालीस, “म्हने, देखूत.” बघू म्हणाला. एवढंच. भुरीला पुरलं त्या जागी जाऊन तू बसलीस. मला वाटलं रडशील. तू मातीवर हात फिरवून म्हणालीस, “इनी माले वाचाडं.”

त्या दिवसापासून मी तुझ्याकडे चोरून पाहायला लागले. तुझा आवाज बसला का, वाऱ्याने दचकलीस का, पाणी प्यालीस का. तुला ते लगेच कळलं. मग तू रोज सकाळी कळप सोडायच्या आधी माझ्यासमोर लोटा उचलायचीस, गटागटा पाणी प्यायचीस, तोंड पुसायचीस आणि म्हणायचीस, “देख.” बस, एवढंच. मी खजील होऊन हसायचे आणि माझा दिवस सुरू व्हायचा. स्वतःच्या मरणाची भीती वाटत असताना तू रोज माझी भीती आधी उतरवायचीस. तेव्हा मला हे कळत नव्हतं, अक्का. तुलाही भीती वाटते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मृग बरसला. कोणतंच जनावर आणखी पिसाळलं नाही. आबांनी आपल्याला गायरानात परत घेतलं. बाकी गुराखी लांबून जायचे, त्यामुळे सगळा वरचा पट्टा आपलाच. काय गवत होतं यंदा! तू पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढ्यांमागे, मी इरलं घेऊन गाईंमागे, आणि मधल्या शेळ्या दोघींचं ऐकत नव्हत्या. मला वाटलं, गेलं संकट. मी तुझ्याकडे चोरून पाहायचं सोडून दिलं होतं.

भादव्यात एका सकाळी तू लोटा उचललास, ओठांपर्यंत नेलास आणि खाली ठेवलास. म्हणालीस, “आज तहान नही माले.”

आपण कळप सोडला. वाऱ्याची झुळूक आली तशी तू पदर घट्ट ओढून तोंड फिरवलंस. दगडावर बसून तू मला एकेक मेंढी दाखवलीस, कुठली कोणाची लेक, कुठली काट्यात अडकते, कुठली पुढे व्यायची. मी हूं हूं करत होते. दुपार व्हायच्या आत तू उठलीस, काठी माझ्या हातात दिलीस आणि खोपटाकडे चालू लागलीस. मी मागे आले. दारात तू वळलीस.

“मथू, कडी लाव. बाहेरतून.”

“नही.”

“लाव. मी मन्या हातमा ऱ्हासू नही.”

मी कडी लावली. आणि दाराला पाठ लावून बसले. निरोप गेला, आबा आले, बाया आल्या, सगळे अंगणाच्या कडेला उभे राहिले. पुढे कोणी येईना. मी त्यांना दोष देत नाही. आत जे आवाज होत होते ते मी लिहिणार नाही. ज्या बाईने विळ्याचा डाग मुकाट सोसला होता, तिचा तो आवाज होता. मला उठून पळावंसं वाटत होतं. दारापलीकडे तू होतीस आणि मला तुझीच भीती वाटत होती. असं काही जगात असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

मधेच सगळं थांबायचं. मग तुझा साधा आवाज यायचा, गायरानात यायचा तसाच.

“बाहेर शे का तू?”

“शे, अक्का.”

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर तू हाक मारलीस, मी “शे” म्हणाले, आणि नंतर तू काही विचारलं नाहीस.

तुला सांगायचं राहिलं ते हे, की तू दारात येऊन म्हशी मागितल्यास त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. भुरी गेली तेव्हाही नाही. सासूने तोंडावर विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं. तुला मात्र सांगितलं नाही. तू मनातल्या मनात स्वतःला बोल लावत असशील, असं मला आता वाटतं. लावू नको. लांडगा शहाणा असता तर तुझंच खरं झालं असतं.

तुझी लेक आली. रडली. मेंढ्या नेणार का विचारलं तर म्हणाली, आईने जावयाबरोबर आधीच सांगून पाठवलं होतं, मेंढ्या मथूच्या म्हशींबरोबरच राहू देत. म्हणजे तुझं पाणी पिणं सुटायच्या आधीच तू हे ठरवून बसली होतीस.

गाव पुन्हा बिचकलंय. मी गेले की गायरान रिकामं होतं. काल मी नाल्यापुढे गेले नाही ते सांगितलंच. आज गेले. वरच्या पट्ट्यात पोचते न पोचते तो खालून वेणूबाई आली, आपल्या वरच्या गल्लीतली, दोन गाई आणि एक लंगडी शेळी घेऊन. ती एरवी गुरं नेते त्या रानात बिबट्याचे ठसे दिसलेत म्हणे. लांबच थांबली आणि ओरडली, “मथू, मन्या गाई तुन्या संगे घालू का?”

मी तिला जवळ बोलावलं नाही. होतं तिथूनच सगळं सांगितलं. पिसाळलेल्याला म्हशी अडवू शकत नाहीत. या मेंढ्यांच्या लोकरीखाली काय आहे ते मला माहीत नाही. मला स्वतःला रोज भीती वाटते. आणि गाई पुढे ठेवाव्या लागतील, चैत्रात वरचा पट्टा बंद राहील.

दावं तिने हाताला दोनदा गुंडाळलं, दोनदा सोडलं. शेवटी खाली वाकली आणि गाईच्या गळ्यातलं दावं काढलं.

दिवसभर आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसलो होतो, एकीने डोंगराकडे पाहायचं, एकीने गाडीवाटेकडे. गुरं पोटभर चरली.